ग्रबला दिसणारे पहिले दोन टेराबाइट

काळ्या स्क्रीनवर दोन ओळी होत्या. पहिली: ‘एरर: अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी०’. तिच्याखाली: ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’. कुठलीही की दाबली की ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मेनू परत यायचा, एंटर मारलं की पुन्हा त्याच दोन ओळी.

हा सर्व्हर भोसरी एमआयडीसीतल्या एका डिझाइन ऑफिसचा. गाड्यांच्या सुट्या भागांची क्रॅश आणि व्हायब्रेशन सिम्युलेशन्स तिथे चालतात आणि त्यांचे सगळे रिझल्ट या एकाच यंत्रावर साठवलेले असतात. ८ टेराबाइटच्या १२ डिस्क, हार्डवेअर रेड कंट्रोलरवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डवर, रेड ६. दोन डिस्क पॅरिटीला, म्हणजे बिघाडातून डेटा परत मिळवायच्या हिशेबाला, गेल्या की वापरायला ८० टेराबाइट उरतात आणि लिनक्सला ती सगळी मिळून एकच अवाढव्य डिस्क दिसते. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, म्हणून विजेच्या पॅनलचं काम त्या दिवशी काढलं होतं. सर्व्हर रीतसर बंद केला होता. संध्याकाळी वीज आली, बटण दाबलं, आणि तो मेनूच्या पुढे जाईना.

मी बाहेरून त्यांची यंत्रं सांभाळते. फोन आला तेव्हा शिवाजीनगरला होते. मेट्रोने नाशिक फाटा गाठला, तिथून रिक्षा. वाटेत तिथल्या नव्या मुलाला एवढंच सांगत होते की काहीही कर, पण रेड कंट्रोलरच्या मेनूत शिरून कुठल्याही प्रश्नाला ‘येस’ म्हणू नकोस. हे सांगायला कारण होतं. यंत्र पुरवणाऱ्यांच्या सपोर्टने फोनवर ‘कॉन्फिगरेशन क्लिअर करून परत इम्पोर्ट करून बघा’ असं सुचवलं होतं. ‘डिस्कच्या बाहेर वाचायचा प्रयत्न’ असा संदेश वाचला की कुणालाही वाटतं, डिस्क गेली किंवा ॲरे, म्हणजे डिस्कचा जोडलेला संच, फुटला. ऑफिसमधल्या सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, कारण सोमवारी एका ग्राहकाला रिपोर्ट द्यायचा होता आणि त्याचे रन्स त्याच यंत्रात होते. अशा वेळी घाबरलेला माणूस कंट्रोलरवर नको ते बटण दाबतो, आणि जो डेटा मुळात सुखरूप असतो तो खरोखर जातो. म्हणून या संदेशाबद्दल मला इतकं तपशिलात लिहावंसं वाटतं.

मी पोहोचले तेव्हा पहिलं काम केलं ते कंट्रोलरचं स्टेटस नुसतं वाचायचं. व्हर्च्युअल डिस्क ‘ऑप्टिमल’. बाराच्या बारा डिस्क ऑनलाइन. एकही मीडिया एरर नाही. मग मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेले. तिथे एक जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा मूळ प्रोग्रॅम, शिल्लक होतं. ते निवडलं आणि इथे पहिला खरा धागा हाती लागला. नवीन कर्नल तर वाचलंच जात नव्हतं. जुनं कर्नल मात्र वाचलं गेलं. त्याच्यापुढची फाइल, म्हणजे बूट होताना लागणारे ड्रायव्हर ठेवणारी इनिटआरडी, वाचताना पुन्हा तोच संदेश आला. मग इनिटआरडीशिवायच कर्नल सुरू झालं आणि ‘अनेबल टू माउंट रूट’ (मुख्य फाइलसिस्टिम जोडता येत नाही) म्हणत पॅनिकमध्ये गेलं.

दोन्ही फाइली एकाच बूट फोल्डरमधल्या. एक वाचता येते, शेजारची येत नाही. डिस्क बिघडली असती तर कंट्रोलरने कुठेतरी तक्रार नोंदवली असती. फाइलसिस्टिम बिघडली असती तर फोल्डरची यादी तरी धड आली नसती. ग्रबच्या कमांड लाइनवर जाऊन मी ती यादी मागितली. सगळी नावं नीट, आकारही नीट. मग ग्रबलाच विचारलं की तुला डिस्क केवढी दिसते. ‘एलएस’ला ‘एल’चा पर्याय जोडला की तो प्रत्येक डिस्कचा आकार सांगतो. उत्तर आलं, जेमतेम २ टेराबाइटच्या वर. ८० टेराबाइटची डिस्क ग्रबला तेवढीच दिसत होती.

नव्या मुलाने विचारलं, “ताई, मग बाकीची डिस्क गेली कुठे?”

कुठेच गेली नव्हती. ग्रब सुरू होतो तेव्हा लिनक्स अजून जागं झालेलं नसतं. रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात असतो, ग्रबकडे तो नाही. जुन्या पद्धतीने, म्हणजे बायोस मोडमध्ये बूट होणाऱ्या यंत्रात ग्रबला डिस्कमधलं काहीही हवं असेल तर ते बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमकडे, मागावं लागतं, इंटरप्ट १३एच नावाच्या दारातून. त्या दाराच्या मागे बसलेला असतो कंट्रोलरचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, ऑप्शन रॉम. या दाराची सुधारित आवृत्ती १९९० च्या दशकात आली तेव्हा तिच्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ६४ बिटांची जागा ठेवली होती. कागदावर मर्यादा नाहीच म्हणा. पण कितीतरी बायोस आणि ऑप्शन रॉम आत ३२ बिटांपुरतंच काम करत राहिले. ३२ बिटांत मावणारे सेक्टर किती? ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की २.२ टेराबाइट, म्हणजे १,०२४ च्या पटीत मोजले तर नेमके २ टेबिबाइट. गाडीच्या मीटरवर जेवढे आकडे कोरलेले तेवढेच किलोमीटर तो दाखवणार, तसंच हे. आमच्या ८० टेराबाइटमध्ये असे १५,६२५ कोटी सेक्टर आहेत. त्यातले पहिले सुमारे ४२९ कोटी ग्रबला वाचता येतात. पुढचा सेक्टर मागितला की ग्रब बायोसने सांगितलेल्या आकाराशी तो ताडून पाहतो आणि म्हणतो, हे डिस्कच्या बाहेर आहे. त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं.

हीच मर्यादा एमबीआर पार्टिशन टेबललाही, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत ते लिहिणाऱ्या जुन्या तक्त्यालाही, आहे, आणि बरेच जण इथे गल्लत करतात. एमबीआर आलं १९८३ साली, पीसी डॉस २.० बरोबर. आयबीएमच्या एक्सटीमधली हार्ड डिस्क होती १० मेगाबाइटची. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट बूटकोडला, ६४ बाइट चार पार्टिशन्सना आणि शेवटचे २ खुणेला. पार्टिशनची सुरुवात आणि लांबी लिहायला ३२-३२ बिट. त्यावर उतारा म्हणून जीपीटी आलं, त्यात ६४ बिट आहेत. ‘आम्ही जीपीटी केलंय, मग २ टेराबाइटचा प्रश्न येईलच कसा?’ असं डिझाइनच्या प्रमुखांनीही विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. जीपीटीने पार्टिशन कुठे आहे हे नीट लिहून ठेवता येतं. पण तिथपर्यंत जाऊन वाचून आणणारा बायोसच असेल तर पत्ता माहीत असून उपयोग नाही. दोन वेगळ्या थरांवरच्या या दोन मर्यादा आहेत, आकडा मात्र योगायोगाने तोच.

आता खरा प्रश्न. हे यंत्र इतकी वर्षं चाललं कसं? मर्यादा तर पहिल्या दिवसापासून होती.

त्यासाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. आत लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर असल्यामुळे पूर्ण ८० टेराबाइट लगेच दिसले. ते दिसले तेव्हा डिझाइनच्या प्रमुखांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, “मॅडम, डेटा आहे ना? मग रात्र गेली तरी चालेल.” सगळं आधी फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं, आणि जीपीटीची प्रत एसजीडिस्क या पार्टिशनच्या कमांडच्या बॅकअप पर्यायाने दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवली. पुढे काहीही करायच्या आधी ही प्रत काढायची, मग घाई कितीही असो.

मांडणी अशी होती. सुरुवातीला १ मेबिबाइटचं बायोस बूट पार्टिशन. जीपीटीवर बायोस मोडमध्ये ग्रबचा गाभा, कोअर इमेज, तिथेच राहतो. त्यानंतर ३२ जीबीचं स्वॅप, मेमरी कमी पडली तर वापरायची जागा. उरलेलं सगळं एलव्हीएमला, म्हणजे जागेचे तुकडे जोडून व्हॉल्यूम बनवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला, दिलेलं. एलव्हीएमच्या आत ६० जीबीचं रूट, मग ६५ टेबिबाइटचं डेटा व्हॉल्यूम, आणि शेवटी साडेसात टेबिबाइटच्या आसपास मोकळं. वेगळं बूट पार्टिशन नाही. बूट फोल्डर रूटच्याच आत. सुरुवातीला बसवताना रूट डिस्कच्या अगदी पुढच्या भागात पडलं, ग्रबच्या टप्प्यात, म्हणून काही जाणवलं नाही.

मग कधीतरी रूट भरलं. सॉल्व्हरच्या नव्या आवृत्त्या, लॉग, तात्पुरत्या फाइली. ज्यांनी तेव्हा हे यंत्र सांभाळलं त्यांनी रूटला २०० जीबी वाढवून दिले. एलव्हीएममध्ये एका ओळीचं काम, यंत्र चालू असताना होणारं, आणि त्यात गैर काहीच नाही. एलव्हीएम असतंच त्यासाठी. पण ती नवीन जागा आली कुठून? डेटा व्हॉल्यूमच्या पलीकडून, मोकळ्या शेपटातून. म्हणजे रूटचा पहिला तुकडा डिस्कच्या डोक्याशी आणि दुसरा ६५ टेबिबाइट ओलांडून पलीकडे. लिनक्सला त्याने काही फरक पडत नाही.

हे डोळ्यांनी कसं पाहायचं ते सांगते, कारण इथे फसायला होतं. फाइल डिस्कवर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे ‘फाइलफ्रॅग’ कमांड ‘व्ही’ पर्यायासह सांगते. ४ केबीच्या ब्लॉकमध्ये २ टेबिबाइटची सीमा येते ५३,६८,७०,९१२ वर. मी नव्या कर्नलवर ती चालवली तर आकडा आला दोन कोटींच्या घरातला. सीमेच्या कितीतरी अलीकडे! एवढ्यावर थांबलं तर माणूस म्हणेल, फाइल टप्प्यातच आहे, दोष दुसरीकडे शोधा. पण फाइलफ्रॅगचा हा आकडा रूट व्हॉल्यूमच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो, डिस्कच्या सुरुवातीपासून नाही. ६० जीबीचा पहिला तुकडा १,५७,२८,६४० ब्लॉकवर संपतो. दोन कोटी त्याच्या पुढे, म्हणजे फाइल दुसऱ्या तुकड्यात. आता तो तुकडा प्रत्यक्षात कुठे आहे हे एलव्हीएमला विचारायचं. ‘एलव्हीएस’ला सेगमेंट्सचा पर्याय दिला की तो प्रत्येक तुकडा कोणत्या एक्स्टेंटपासून, म्हणजे एलव्हीएमच्या जागेच्या एककापासून, सुरू होतो ते दाखवतो. ४ मेबिबाइटचा एक एक्स्टेंट धरला तर २ टेबिबाइटमध्ये ५,२४,२८८ एक्स्टेंट बसतात. आमचा दुसरा तुकडा सुरू होत होता १,७०,५४,७२० पासून. ग्रबची नजर जिथे संपते त्याच्या तीसपटीहून जास्त पुढे.

मग सगळं जुळत गेलं. उबंटू सुरक्षा-अपडेटबरोबर नवीन कर्नल आपोआप बसवतं, पण यंत्र आपणहून रीबूट करत नाही. जुन्या तुकड्यात जागा जवळजवळ नव्हतीच, म्हणून नवीन कर्नल दुसऱ्या तुकड्यात लिहिलं गेलं. मध्यंतरी कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलला होता, तेव्हा सगळ्याच कर्नलच्या इनिटआरडी नव्याने बनल्या. म्हणून जुन्या कर्नलची मूळ फाइल डोक्याशी राहिली आणि तिची इनिटआरडी पलीकडे गेली. ग्रबची कॉन्फिग फाइल लहानशी, तिला जुन्या भागातच फटीत जागा मिळाली, म्हणून मेनू तेवढा दिसत होता. सर्व्हर महिनोन्महिने चालू होता, आणि बूट न होण्याची सगळी तयारी आत कधीच पूर्ण झालेली होती. गुरुवारची वीज हे फक्त निमित्त.

एव्हाना रात्र झाली होती. इलेक्ट्रिशियन काका अजून थांबले होते. त्यांना वाटत होतं की पॅनलच्या कामामुळेच काहीतरी जळलं आणि आपल्यावर येणार. त्यांना मी मुद्दाम बोलावून स्क्रीनवरचे आकडे दाखवले. विजेचा यात काडीचा संबंध नाही, हा सर्व्हर आज नाही तर पुढच्या कुठल्याही रीबूटला असाच अडला असता, हे सगळ्यांसमोर सांगितलं. दोष नसलेल्या माणसाने दोषाचं ओझं घेऊन घरी जाऊ नये असं मला वाटतं. काका “बरं झालं बाई सांगितलंत” म्हणाले आणि सगळ्यांसाठी चहा सांगून मगच गेले.

दुरुस्तीचे रस्ते बरेच होते आणि सगळे सारखे नव्हते.

सगळ्यात जास्त सुचवला जातो तो उपाय म्हणजे ग्रब पुन्हा बसवा, कर्नल पुन्हा बसवा. याबद्दल मी थोडी कठोर आहे. हा उपाय कधीकधी चालतो, आणि चालतो म्हणूनच घातक आहे. रूटमधल्या जुन्या फाइली पुसून जागा केली आणि कर्नल पुन्हा लिहिलं, तर नशिबाने ते पहिल्या तुकड्यात पडू शकतं. यंत्र सुरू होतं. सगळ्यांना वाटतं, ग्रब बिघडला होता, दुरुस्त झाला. पुढचं अपडेट पुन्हा पलीकडे पडतं आणि तोच प्रकार, बहुतेक त्याहून वाईट वेळी. कारण न कळता सुरू झालेलं यंत्र मला बंद यंत्रापेक्षा जास्त काळजीत टाकतं.

एलव्हीएमचा दुसरा तुकडा ‘पीव्हीमूव्ह’ने पुढे आणता आला असता, पण पुढे जागाच नव्हती. तिथे डेटा व्हॉल्यूम बसलेलं, जागा करायची तर आधी त्याचा काही भाग मोकळ्या शेपटात हलवावा लागला असता, आणि डेटाला मला हात लावायचा नव्हता. ग्रबमध्ये ‘नेटिव्हडिस्क’ नावाची एक सोय आहे, बायोसला बाजूला ठेवून ग्रबचे स्वतःचे ड्रायव्हर वापरायची. साध्या साटा डिस्कला ती उपयोगी पडते, हार्डवेअर रेड कंट्रोलरसाठी ग्रबकडे ड्रायव्हर नाही. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय मोडमध्ये गेलो तर ही मर्यादा उरत नाही, तिथे सेक्टरचा क्रमांक ६४ बिटांचाच असतो. नवीन यंत्र घेताना मी तोच आग्रह धरते. पण या जुन्या कंट्रोलरचा ऑप्शन रॉम फक्त बायोसपुरता होता.

उरला सगळ्यात साधा आणि टिकाऊ मार्ग: बूटसाठी वेगळं पार्टिशन, आणि ते डिस्कच्या डोक्याशी. त्यासाठी जागा आयती समोर होती. स्वॅप! पहिल्या मेबिबाइटनंतर लगेच ३२ जीबी. त्यात कुणाचाही डेटा नाही. ते पार्टिशन काढून त्याच जागेत २ जीबी बूटला आणि ३० जीबी स्वॅपला द्यायचे. एलव्हीएमला हात लावायचा नाही, ६५ टेबिबाइटमधला एक बाइटही हलवायचा नाही.

नव्या मुलाला मी कीबोर्डवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. एसजीडिस्कने स्वॅप पार्टिशन काढलं, दोन नवीन केली, आणि टेबल पुन्हा वाचून एलव्हीएमच्या पार्टिशनची सुरुवात आणि शेवट आधीच्या प्रतीशी आकड्याला आकडा लावून पाहिला. हे ताडून पाहिल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही, असं त्याला बजावलं होतं. मग बूटवर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. स्वॅप बनवताना जुना यूयूआयडीच, म्हणजे ओळख क्रमांक, परत दिला. ‘एमकेस्वॅप’ला ‘यू’ पर्यायाने तो देता येतो. हे छोटं वाटतं, पण डेबियन आणि उबंटूच्या इनिटआरडीमध्ये झोपेतून उठण्यासाठी स्वॅपचा पत्ता लिहिलेला असू शकतो. तो सापडला नाही तर बूट होताना यंत्र उगाच थांबून वाट पाहत राहतं आणि आधीच धास्तावलेली माणसं पुन्हा घाबरतात. पत्ता तोच ठेवला की फाइलसिस्टिमच्या यादीतही बदल नको, इनिटआरडीतही नको.

त्यानंतर रूट माउंट केलं, आता लिहिण्यासाठी. बूट फोल्डरमधलं सगळं नवीन पार्टिशनवर नक्कल केलं. जुनं फोल्डर बाजूला नाव बदलून ठेवलं, लगेच पुसलं नाही. नवीन पार्टिशन त्याच्या जागी माउंट केलं, एफएसटॅबमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिमच्या यादीत, त्याची ओळ घातली. डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर आत जोडून सीएचरूट, म्हणजे पुढच्या कमांड डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून. ग्रब-इन्स्टॉल पूर्ण डिस्कवर, कुठल्या पार्टिशनवर नाही. मग इनिटआरडी सगळ्या कर्नलसाठी नव्याने, आणि शेवटी अपडेट-ग्रब. आता ग्रबच्या गाभ्याला एलव्हीएम समजून घ्यायचीही गरज उरली नव्हती. बूट पार्टिशन साधं, सरळ, आणि सीमेपासून खूप अलीकडे.

पेनड्राइव्ह काढला, रीबूट केलं.

आणि स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ चमकली. ‘आउटसाइड ऑफ डिस्क एचडी०’. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. पण ओळ क्षणभरच दिसली, तिच्यामागून मेनू आला, मेनूतून कर्नल, आणि ओळींमागून ओळी सरकत लॉगिन आलं. डेटा व्हॉल्यूम माउंट झालेलं, सगळे प्रोजेक्ट फोल्डर जागेवर.

मग ती ओळ आली कुठून? यंत्र सुरू झालं आहे म्हणून ते तसंच सोडून देण्यासारखं नव्हतं. उद्या परत कुणी ती ओळ पाहिली की परत फोन, परत रेड कंट्रोलरवर संशय. ग्रबची कॉन्फिग उघडून वाचली. मेनू ग्राफिक पद्धतीने दाखवण्यासाठी ग्रबला एक फॉन्ट फाइल लागते. ग्रब-एमकेकॉन्फिग ती फाइल आधी यूएसआर-शेअरच्या फोल्डरमध्ये शोधतं, आणि तिथे सापडली तर बूट पार्टिशनमधल्या प्रतीकडे वळतच नाही. ते फोल्डर रूटवर, रूट एलव्हीएमवर, आणि फॉन्टची फाइल कधीतरी अपडेटमध्ये नव्याने लिहिली गेल्यामुळे पलीकडच्या तुकड्यात. ग्रब फॉन्ट आणायला तिथे जातो, सीमेवर अडतो, तक्रार करतो आणि साध्या अक्षरांत मेनू दाखवून पुढे निघतो. बूट व्हायला त्याने अडत नाही. ग्रबच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये टर्मिनल ‘कन्सोल’ केलं की फॉन्टची गरजच संपते. ती एक ओळ घातली, पुन्हा अपडेट-ग्रब, पुन्हा रीबूट. या वेळी स्क्रीन स्वच्छ.

त्या मुलाने नंतर मला एक चांगला प्रश्न विचारला: नुसतं बूट वेगळं केलं म्हणून भागलं का, इनिटआरडी तर पुढे रूट वाचणारच की! वाचणारच, पण तेव्हा कर्नल जागं झालेलं असतं आणि त्याच्याकडे स्वतःचा ड्रायव्हर असतो. बायोसवर विसंबून वाचायच्या फाइली मोजक्याच: ग्रबचा गाभा, त्याची मोड्यूल्स, कॉन्फिग, कर्नल आणि इनिटआरडी. एवढ्या पहिल्या २ टेबिबाइटच्या आत राहिल्या की बाकी रूट डिस्कवर कुठेही असू दे. म्हणूनच वेगळं बूट पार्टिशन ही मोठ्या ॲरेवर आवडीनिवडीची बाब नाही असं मी मानते. जुन्या जाणत्यांनी ती पद्धत पाडली तेव्हा कारण वेगळं होतं. त्या वेळचे बायोस पहिल्या १,०२४ सिलिंडरच्या पुढे वाचू शकत नसत. आकडा बदलला, अडचणीचं रूप तेच राहिलं. नवीन यंत्र असेल तर ओएससाठी दोन लहान एसएसडी रेड १ मध्ये आणि मोठा ॲरे फक्त डेटासाठी, हे सर्वांत उत्तम. तेही जमत नसेल तर रेड कंट्रोलरवर ॲरे बनवतानाच सुरुवातीला १०० जीबीची एक छोटी व्हर्च्युअल डिस्क वेगळी कापून घ्यायची. बनवताना हे काही मिनिटांचं काम असतं. ॲरे भरल्यावर ते करता येत नाही.

रात्री उशिरा डिझाइनवाल्यांनी अर्धवट राहिलेले रन्स पुन्हा लावले. मी बदललेली मांडणी, जीपीटीची नवी प्रत, आणि ‘हा संदेश दिसला तर आधी ग्रबला डिस्कचा आकार विचारा, रेड कंट्रोलरला हात लावू नका’ एवढं लिहून त्यांच्या कागदपत्रांत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडच्या बाकीच्या मोठ्या ॲरेवाल्या सर्व्हरवर हीच तपासणी केली. आधी बायोस की यूईएफआय ते पाहायचं. सिस्टिम फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर यंत्र यूईएफआयने सुरू झालं आहे, पुढे काही पाहायला नको. बायोस असेल आणि बूट वेगळं नसेल, तर बूटमधल्या प्रत्येक फाइलवर फाइलफ्रॅग, आणि एलव्हीएम असेल तर तुकड्यांचा नकाशा शेजारी ठेवून. पौड रस्त्यावरच्या एका ऑफिसच्या सर्व्हरवर तशीच मांडणी सापडली. तिथलं रूट अजून वाढवलेलं नाही, सगळ्या फाइली डोक्याशीच आहेत, आणि तिथेही स्वॅपचं पार्टिशन सुरुवातीलाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते कापून बूट वेगळं करायचं त्यांच्याशी ठरलं आहे. तोपर्यंत रूट वाढवू नका, एवढं त्यांना लेखी कळवलं आहे.